मदत हवी आहे: जुन्या फोर बाय फोर पिकअपच्या गिअर लिव्हरची खडखड

मंडळी, माझ्याकडे २००६ची डिझेल फोर बाय फोर पिकअप आहे. इंजिन ठणठणीत, गिअर सगळे नीट पडतात. पण तिसऱ्या-चौथ्या गिअरला साधारण २००० आरपीएमच्या आसपास लिव्हर असा वाजतो, की रिकाम्या डब्यात चमचा टाकलाय वाटावं. डोकं उठतं अक्षरशः.

मुठीवर हात ठेवला की आवाज निम्मा होतो. उरलेला बाजूच्या छोट्या, फोर व्हीलच्या लिव्हरचा असावा, कारण टू-एचमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) तो थरथरतो आणि फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकलं की गप्प बसतो. (कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून फिरायचं नसतं हे माहीत आहे, तपासणी मातीच्या रस्त्यावर केली.)

क्लच दाबला तरी आवाज जात नाही, म्हणून मला गिअरबॉक्सच्या आतलं काही वाटत नाही. संशय लिव्हरच्या बुडाशी गोळ्याखाली असणाऱ्या नायलॉन बुशवर (लिव्हर घट्ट बसवणाऱ्या कडीवर) आहे. फिटर मात्र म्हणतो, 'गिअरबॉक्सच उतरवू.' एवढ्यासाठी?

बूट (लिव्हरभोवतीचं आवरण) आणि वरची प्लेट काढून हा बुश वरूनच बदलता येतो का? मूळ पार्ट मिळत नाहीये. लेथवर नायलॉनचा करून घेतला तर टिकेल का? छोट्या लिव्हरच्या जोडदांड्यांचे बुश आणि गिअरबॉक्सचं फाउंडेशन (तो ज्यावर बसतो तो रबरी आधार) त्याच वेळी बदलावं का? रबर ट्यूबचा तुकडा कोंबायचा सल्ला कृपया नको, तो उन्हाळ्यात वितळून झालाय.