मित्रांशी जुन्या पुस्तकांवर बोलताना ख्रिस्ती म्हणून किती बोलायचं? पुढच्या बैठकीला स्मृतिचित्रे आहे

नगरची_वाचक
नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे, दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादं जुनं गाजलेलं पुस्तक घेऊन बोलतो. ग्रुपमध्ये ख्रिस्ती मी एकटीच, एक मैत्रीण मुस्लिम, बाकी हिंदू, त्यात एकजण देवच न मानणारा. टॉलस्टॉय झाला तेव्हा बायबलचा विषय निघाला की मी गप्प बसायचे, कारण वाटायचं आता बोलले तर हिने धर्मप्रचार सुरू केला असं होईल.

आता लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, घेतलंय आणि सुरुवात मी करायची ठरलंय. आमच्या घरी हे पुस्तक आजीपासून वाचलं जातं. पण चर्चमध्ये त्यावर बोलणं म्हणजे त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा १० फेब्रुवारी १८९५ चा बाप्तिस्मा आणि त्यांची गीतं, एवढंच, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं ते राहूनच जातं. आणि ग्रुपमध्ये पहिला प्रश्न हाच येणार की बायकोला मागे ठेवून धर्म बदलला हे तुला ख्रिस्ती म्हणून बरोबर वाटतं का. कसं बोलायचं सांगा, मनापासून विचारतेय.

पुणे_जुनी_पुस्तकं
ताई, बाप्तिस्म्यापासून सुरुवात करूच नका, सोवळ्यापासून करा. लक्ष्मीबाईंच्या वडलांचं सोवळं पुस्तकात सुरुवातीलाच आहे, घरातली सगळी माणसं त्या धुण्यात आणि शिवाशिवीत कशी भरडली जातात ते तिने इतकं हसत हसत लिहिलंय की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याला पोरांची दया येते. ती पानं मोठ्याने वाचून दाखवा. मग थेट पुढे जा, जिथे तिच्या मनात विचार येतो की जाती देवाने केल्या की माणसाने, आणि ती कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार होते. नीट बघा, हे बाप्तिस्म्याच्या आधी आहे! तिचा बाप्तिस्मा टिळकांच्या नंतर चारपाच वर्षांनी झाला, आणि त्याआधीच जात तिच्या मनातून गेलेली होती.

इथे ख्रिस्ती वाचकाकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात दुपारचा घराच्या गच्चीवर प्रार्थनेला जातो, भूक लागलेली असते, आणि आकाशातून चादरीसारखं काहीतरी उतरताना दिसतं, त्यात सगळे प्राणी, आणि वाणी होते की मार आणि खा. तो म्हणतो छे छे, निषिद्ध असं मी कधी खाल्लं नाही. तीनदा असं होतं, आणि लगेच कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं दारात येऊन उभी राहतात. म्हणजे प्रश्न ताटातल्या अन्नाचा नव्हताच, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं याचा होता. हे तुम्ही सांगितलंत तर तो प्रचार नाही, तुमच्या मैत्रिणींना सोवळं घरचं माहीत आहे, तुम्हाला पेत्र घरचा माहीत आहे, दोन्ही एकाच टेबलावर येऊ देत. फक्त लक्ष्मीबाईंना पेत्र करून टाकू नका, तिला दृष्टांत वगैरे झाला नाही, ती विचार करून तिथे पोचली आणि तेच तिचं मोठेपण.

विदर्भातला_वाचनवेडा
मी ख्रिस्ती नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये दस्तयेवस्कीचं १८६६ सालचं क्राइम अँड पनिशमेंट वाचलं तेव्हा सोन्या त्या खुनी पोराला बायबलमधली, येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाझाराची गोष्ट वाचून दाखवते तो भाग आम्ही सगळ्यांनी भराभर पलटलेला, कंटाळवाणा वाटला. एका ख्रिस्ती मित्राने योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढून दाखवलं की लाझाराला मरून चार दिवस झालेत, आणि सोन्या वाचताना त्या चारवर मुद्दाम जोर देते. म्हणजे कबरीत पडलेला तो समोर बसलाय! आम्ही सगळे परत ते प्रकरण वाचायला बसलो. तो गप्प बसला असता तर आमचंच नुकसान होतं. तेव्हा ताई, बिनधास्त बोला, आम्हाला पुस्तक कळण्यासाठी ते पाहिजेच असतं. त्रास कधी होतो सांगू, चर्चा संपता संपता कुणी म्हणालं की म्हणून तुम्हीही विचार करा, तेव्हा.

आणि टिळकांना नेमकं काय आवडलं ते पण सांगा हां. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, साल १८९३, आणि डोंगरावरील प्रवचन वाचून शत्रूवर प्रीती करा इथे ते अडकले, एवढं आम्हाला ठाऊक असतं. त्या ओळीत एका कवीला काय दिसलं असेल हे आतल्या माणसाकडून ऐकायला आवडेल.

वसईचा_कॅथलिक
नवऱ्याच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. शेवटी सगळं चांगलं झालं, देवाची योजना होती, असं म्हणून मोकळं होऊ नका प्लीज. त्या बाईने रडून काढलेले दिवस, नातेवाइकांत ऐकलेले टोमणे, हे सगळं तिने स्वतः लिहिलंय आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर लिहिलंय, तरी त्यातलं काही पुसलं नाही. तिने पुसलं नाही तर आपण का पुसायचं? बायबलमध्ये स्तोत्र ८८ आहे, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, सांत्वनाची एक ओळ नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. मैत्रिणींनी विचारलं तर सरळ सांगा की टिळकांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे आणि बायकोला जे सोसावं लागलं ते अन्याय्य होतं. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असू शकतं. आणि पुस्तकात त्यांचं एकमेकांवरचं प्रेमही आहेच की, भांडणं, चेष्टा, रुसवे सगळ्यात.

साष्टीकर
गोव्याहून लिहितोय. पुढे कधीतरी इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, घ्या ग्रुपमध्ये. १६१६ ला गोव्यातल्या राचोलला छापलं, अक्षरं रोमन आणि भाषा मराठी, जवळजवळ अकरा हजार ओव्या. आणि त्याची सुरुवातच प्रश्नाने होते, नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? ग्रुपमध्ये कुणीतरी विचारेल की ती पुराणं बंद का झाली, तेव्हा विषय बदलू नका. १५६७ च्या सुमारास गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पाडली गेली हा इतिहास आहे, स्टीफन्स १५७९ ला आला म्हणजे त्यानंतर, पण तो ज्या जगात आला ते असं होतं. मला त्या ओव्या जिवापाड आवडतात, मोगरा आणि कस्तुरीची उपमा देऊन मराठीचं कौतुक करणारा परदेशी माणूस दुसरा कोण? पण हिंदू मित्राबरोबर वाचताना ते दोन्ही बोलावंच लागतं, आणि बोललं की तो मित्र ओव्याही जास्त मन लावून ऐकतो, हा माझा अनुभव.

नगरची_वाचक
खूप आभार सगळ्यांचे. सोवळ्याची पानं आणि पाण्याचा तो भाग आजच ग्रुपवर फोटो काढून टाकते, म्हणजे सगळे वाचून येतील. पेत्राची गोष्ट मी तोंडीच सांगेन, बायबल उघडून नाही. नवऱ्याचा प्रश्न कुणी विचारायची वाट न बघता मीच काढणार. @विदर्भातला_वाचनवेडा तुम्ही विचारलंत त्यावर माझं उत्तर, टिळक कीर्तनं-अभंगांच्या वातावरणात वाढलेले कवी होते, त्यांना प्रेम नवीन नव्हतं, शत्रूवर प्रेम हे नवीन असावं असं मला वाटतं. @वसईचा_कॅथलिक स्तोत्र ८८ मी आधी इतकं लक्ष देऊन वाचलंच नव्हतं, रात्री वाचते.