आगमनकाळात देव जवळ वाटतच नाहीये, मग दुसऱ्याच्या मदतीला जाणं म्हणजे ढोंग का?

पहाटवारा:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, दुसरा रविवार झाला, चर्चमधल्या चक्रावरच्या दोन मेणबत्त्या पेटल्या, गाणी चालू आहेत पण मला आतून काहीच जाणवत नाहीये. प्रार्थनेला बसले की डोक्यात नुसती कामं. त्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांना भेटायला जायचं माझ्याकडे आलंय, काकू उन्हाळ्यात गेल्या, आता ते एकटेच असतात. मलाच देव जवळ वाटत नसताना "देव तुमच्यासोबत आहे" हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? आधी स्वतःचं नीट करावं मग जावं असं वाटतंय. कुणाला असं झालंय का?

दिवटी:
अगं बायबलमधलं मत्तय 25 परत वाच, 31 पासून पुढे, राजा न्याय करताना लोकांना मेंढरं-शेरडांसारखं वेगळं करतो ते. आपल्याला मेंढरं आणि शेरडं तेवढी लक्षात राहतात, पण ज्यांनी भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याला भेटायला गेले ते सुद्धा राजाला विचारतात ना, प्रभू आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्यांनाही तेव्हा काही जाणवलं नव्हतं, अंगावर काटा वगैरे काही नाही, माणूस अडचणीत दिसला आणि गेले. जाणवण्याची अटच नाहीये तिथे.

खडूस_भाऊ:
ढोंग कशाला म्हणायचं ते सांगतो. डिसेंबरात चादरी वाटायच्या, घेणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि जानेवारीत त्याला ओळखही दाखवायची नाही. येशूच्या आधी आलेल्या संदेष्ट्याला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, लोकांनी विचारलं आम्ही काय करावं, तर दोन अंगरखे असतील तर एक देऊन टाक म्हणाला (लूक 3:11), तुझं मन लागतंय का हे काही विचारलं नाही. जकातदारांना जास्त वसूल करू नका असंही म्हणाला, ते तर आजही कुणी ऐकत नाही 😄

सावकाश:
मेणबत्त्यांचं ते चक्र पण असंच सुरू झालंय. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न गरीब मुलांसाठी एक संस्था चालवायचे, पोरं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या, मधल्या वारांच्या छोट्या. वाट बघून कंटाळलेल्या पोरांची सोय होती ती.
आणि ताई, काकांना काही सांगायलाच हवं असं कुणी सांगितलं? बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसून होते तोवर ठीक होतं, तोंड उघडल्यावर सगळा घोळ झाला. फोन करून जा, आणि त्यांना बोलू दे.

पहाटवारा:
जाऊन आले. काकांनी दुसऱ्या खुर्चीवर पेपरचा गठ्ठा ठेवलाय, रिकामी बघवत नाही म्हणाले, तो उचलून मला बसायला दिलं. मी बायबलमधलं वचन वगैरे काही काढलं नाही, काकूंच्या दवाखान्याचं सगळं पहिल्यापासून सांगत होते ते ऐकलं. निघताना तेच म्हणाले प्रार्थना कर, केली, दोनच वाक्यं. मला अजूनही विशेष काही वाटत नाहीये, खरं सांगते. पण पुढच्या आठवड्यात परत जायचंय, बँकेचं ॲप शिकवायला, ते सगळं काकूच बघायच्या.