ऑफिसच्या मेलच्या शेवटी नक्की काय लिहायचं?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये डिस्पॅच बघते, दोन महिने झालेत. सूतवाल्यांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना रोज मेल असतात आणि सगळं लिहून झालं की शेवटाला अडते. रिगार्ड्स कोरडं वाटतं, धन्यवाद लिहावं तर समोरच्यानं अजून काही केलेलंच नसतं. परवा महापालिकेला मराठीत पत्र द्यायचं होतं, शाळेतल्या सवयीनं 'आपली आज्ञाधारक' लिहिलं तर सायबांनी खोडलं, पण त्याजागी काय ते सांगितलंच नाही. कुणीतरी नीट सांगा ओ.

आवकजावक
ताई, माझी सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली. आज्ञाधारक हे विद्यार्थ्यानं मुख्याध्यापकांना लिहायचं. 'महोदय'नी सुरुवात असेल तर शेवटी 'आपली विश्वासू', खाली सही, नाव, हुद्दा. 'कळावे, लोभ असावा' हे घरच्या पत्रातलं, तिथं लोभ म्हणजे माया, ते बिलाच्या तगाद्याखाली घालू नका. इंग्रजीतपण सुरुवात बघूनच शेवट, डिअर सर असेल तर यूअर्स फेथफुली, डिअरपुढं नाव असेल तर यूअर्स सिन्सिअरली, ही ब्रिटिश रीत आमच्याकडून घोटून घेतलेली.

सूतवाला
असले मेल माझ्याकडंच येतात. खरं सांगू का, रिगार्ड्स का वॉर्म रिगार्ड्स मी बघतच नाही, त्याच्या वरची ओळ बघतो. 'गाडी गुरुवारी निघेल का तेवढं उद्या दुपारपर्यंत कळवा' असं असलं की लगेच उत्तर देतो, नाहीतर मेल राहून जातो. 'आगाऊ धन्यवाद' तेवढं नको, हो म्हणायच्या आधीच काम गळ्यात पडल्यासारखं वाटतं. आणि नावाखाली मोबाईल नंबर टाका, रात्री गाडी गेटवर अडली की मेल कोण उघडून बसणार.

चादर_चटणी
त्याच मेलवर चारपाच उत्तरं झाली की मी नुसतं नाव लिहिते, चालतं. पण एकदा मालाच्या उशीरावरून चिडले होते, शेवटी काहीच न लिहिता मेल पाठवला, नावसुद्धा नाही, तर साइजिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ लावून देणाऱ्या, काकांचा फोन, पोरी काय चुकलं का आमचं? वडिलांच्या वयाचा माणूस, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून कितीही घाई असली तरी नाव आणि रिगार्ड्स सोडत नाही.

(प्रश्न विचारणारी)
आवकजावक काका, 'आपली विश्वासू' करून पत्र दिलं, आवकचा शिक्का मिळाला. आता सूताचा मेल लिहायलेय, शेवटच्या ओळीत सुताचे किती कोन (रिळं) पाहिजेत आणि कधीपर्यंत ते टाकलंय, खाली रिगार्ड्स, नाव, नंबर.