अनुभव धागा : नगरपरिषदेचं रोजचं रहाटगाडगं

नव्या कामाची फाईल कशी उभी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. झालेलं काम रोज चालतं कसं ठेवायचं, हे ज्याला ठाऊक असतं तो मात्र निवृत्त होताना सगळं डोक्यातच घेऊन जातो. म्हणून हा धागा. महाराष्ट्रातल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्ग नगरपरिषदा, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे एक लाखापर्यंत लोकवस्तीची गावं, समोर ठेवून लिहा. आत्मचरित्र नको. काय बिघडतं, का बिघडतं आणि काय करायचं, ते मापासकट येऊ द्या. टोपणनावानं लिहिलं तरी चालेल.

चावीवाला

पाण्यापासूनच सुरुवात करतो, सकाळचा पहिला फोन त्याचाच असतो.

‘नळाला घाण पाणी येतंय’ अशी तक्रार आली की टाकी धुवायचा आदेश निघतो. बहुतेक वेळा टाकीचा काही संबंध नसतो. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड. पुरवठा बंद झाला की उताराकडच्या नळांतून उरलेलं पाणी निघून जातं आणि चढावरच्या पाईपात ओढ तयार होते. त्यात नळाला थेट मोटर लावणारे आहेतच. घराचं अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपाचं) कनेक्शन गटारीतून आडवं गेलेलं असतं आणि गंजून त्याला बारीक छिद्र पडलेलं असतं. पाणी चालू असताना तिथून बाहेर गळतं, बंद असताना गटारीचं आत शिरतं. म्हणूनच पहिली दहा-पंधरा मिनिटं वास येतो आणि मग पाणी साफ होतं. हे लक्षण दिसलं की टाकी सोडा, गटारी बघा.

जागा अशी शोधायची. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत ओळीनं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणारी चाचणी) घ्या. एका घरी पिवळा रंग येतो आणि पुढच्या दोन घरांत एकदम येत नाही, तिथेच भानगड आहे. त्या टप्प्यातली कनेक्शनं फेरूलपाशी (मुख्य पाईपावर नळजोड बसवतात त्या तोटीपाशी) एकेक करून बंद करा. दोषी कनेक्शन सापडलं की ते गटारीच्या वरून केसिंग पाईपातून न्या. रबर गुंडाळून तार आवळली तर पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार, तोच नळ.

आता व्हॉल्व्ह. कुठल्या गल्लीला पाणी सोडायला कोणता स्लूस व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, हे एकट्या व्हॉल्व्हमनला माहीत असतं. तो रजेवर गेला की निम्मं गाव कोरडं. एक वही करा : व्हॉल्व्हचा क्रमांक, जागा (जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून मीटरमध्ये अंतर), व्यास, पूर्ण बंद ते पूर्ण उघडा एकूण फेरे, रोज उघडायचे फेरे. शेवटचे चार-पाच फेरे सावकाश बंद करायला सांगा. घाईत चावी फिरवली की वाहत्या पाण्याचा दणका बसतो आणि जुन्या एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या) पाईपाचा जोड निखळतो. उंचावरचा एअर व्हॉल्व्ह गंजून बसला असेल तर पाईपात हवा कोंडते आणि पुढच्या वस्तीला दाब मिळत नाही. लोक म्हणतात पंप कमी पडतो, आणि दुरुस्तीच्या जागी नव्या पंपाचा प्रस्ताव जातो.

गळती मोजायला मीटरच हवा असं नाही. रात्री टाकीचा इनलेट बंद करा, वितरणाचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि आऊटलेट उघडा ठेवा. १२ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १० सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण ११,३०० लिटर पाणी गेलं. आऊटलेट बंद करूनही पातळी तेवढीच उतरत असेल तर गळती टाकीतच आहे.

क्लोरोस्कोप

चावीवाला साहेबांच्या ओटी टेस्टला एक पुरवणी. रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा. लगेच येणारा पिवळा म्हणजे मुक्त क्लोरीन. नंतर हळूहळू गडद होतो तो संयुक्त क्लोरीनचा, तो धरून ‘ठीक’ लिहू नका. टोकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशोब बहुतेक ठिकाणी पोत्यांत चालतो, तिथेच चूक आहे. ताजी पावडर सुमारे ३३ टक्के क्लोरीनची असते. उघडं पोतं दमट खोलीत राहिलं की ती २० टक्क्यांवर यायला वेळ लागत नाही. ५ लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर १ किलो शुद्ध क्लोरीन लागतं. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर ३ किलो, २५ ची असेल तर ४ किलो, २० ची असेल तर ५ किलो. प्रत्येक खेपेचा नमुना तपासून टक्केवारी पोत्यावर मार्करनं लिहा, म्हणजे ऑपरेटरला कागद शोधावा लागत नाही.

पावडर सरळ टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या पिंपात कालवून ठेवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी टाकी भरत असताना इनलेटपाशी थेंबथेंब सोडायचं. टाकी भरल्यावर वरून ओतलं तर ते नीट मिसळत नाही; एका वस्तीला उग्र वास येतो, दुसरीला काहीच पोचत नाही. मिसळल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी सोडा. आणि पाणी गढूळ असताना क्लोरीन वाढवून उपयोग नाही. आधी तुरटीची मात्रा बरोबर करा, गढूळपणात जंतू दडून राहतात.

फिडर पिलर

पथदिव्यांची तक्रार नीट ऐकली तर वायरमन निघायच्या आधीच निदान होतं. रस्त्यावर प्रत्येक तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेला आहे. काही दिवे झगझगीत आणि काही मंद दिसले तर न्यूट्रल तुटला आहे किंवा सैल झाला आहे, आणि हे सगळ्यांत वाईट. अशा वेळी कमी भार असलेल्या फेजवर दाब तीनशे व्होल्टच्या पुढे जातो आणि एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला लागेल तशी वीज देणारे सुटे भाग) रांगेनं जळतात. त्या लाईनचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) तिथल्या तिथे पाडायला सांगा, गाडी नंतर पाठवा. नंतर पिलर (रस्त्याकडेची वीज वाटपाची पेटी) उघडून न्यूट्रलचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, तपासा. ॲल्युमिनियम केबलला तांब्याचा लग लावलेला असेल तर तो पुन्हा जळणार. द्विधातूचा (बायमेटॅलिक) लग हवा.

दिवसा दिवे जळत असतील तर दोनच कारणं : कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर दिवे चालू-बंद करणारा स्विच) चिकटला, किंवा टायमरची बॅटरी संपल्यामुळे वीज गेल्यावर घड्याळ चुकलं. बॅटरीची किंमत आणि दिवसभर जळणाऱ्या दिव्यांचं बिल एका कागदावर मांडून मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवा, मंजुरी लवकर मिळते.

महावितरणचं बिल भरायला लेखा विभागात जातं तसं विद्युत अभियंत्याच्या टेबलावरूनही गेलं पाहिजे. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी आली त्याचं माप) दोन महिने घसरत असेल तर पंपहाऊसमधला कपॅसिटर फुगलेला असतो. क्लॅम्प मीटरनं तिन्ही वायरींचा प्रवाह बघा, सारखा नसेल तर बदला. बंद पडलेल्या बोअरची मीटरं खंडित करून घ्या. स्थिर आकार चालूच राहतो आणि त्यावर कुणाची नजर नसते.

ओला-सुका

घंटागाडीत दोन कप्पे असूनही कचरा एकत्र का होतो? सुका कचरा वजनाला हलका पण जागा खाणारा. समान आकाराचे कप्पे केले की अर्ध्या फेरीतच सुक्याचा कप्पा भरतो आणि कामगार उरलेलं ओल्यात टाकतो. त्याला दम देऊन काही होत नाही. सुक्याचा कप्पा मोठा करा, वर जाळी लावून उंची वाढवा.

फेरी आखताना दाराशी २५-३० सेकंद धरा, म्हणजे तासाला सव्वाशेच्या आसपास घरं, आणि डेपोला जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. याहून जास्त घरं एका गाडीला लावली तर शेवटची गल्ली रोज चुकते आणि तिथेच उकिरडा तयार होतो. उकिरडा उचलल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गाडी तिथे उभी राहिली नाही, तर नुसती रांगोळी काढून आणि कुंड्या ठेवून तो हटत नाही.

खताची रास दीड ते दोन मीटरपेक्षा उंच नको, आतली हवा संपते. आठवड्याला एकदा पलटी. मूठभर माल दाबला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर वाळका पाला मिसळा, काहीच आलं नाही तर पाणी मारा. आतलं तापमान ५५ अंशांच्या पुढे काही दिवस टिकलं नाही तर तणाचं बी जिवंत राहतं आणि शेतकरी ते खत दुसऱ्यांदा नेत नाही.

मैला गाडी

वाई आणि सिन्नर इथे शौचटाक्या ठरलेल्या वेळापत्रकानं, साधारण तीन वर्षांच्या फेऱ्यात उपसायची पद्धत सुरू झाली. ती बघून आपल्याकडेही करू म्हणणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिली अडचण झाकणाची. निम्म्या घरांत टाकीचं झाकण फरशीखाली गाडलेलं असतं. सर्वेक्षणातच झाकण कुठे आहे, गाडी किती मीटरवर थांबते आणि टाकी किती खोल आहे हे लिहून घ्या. ३० मीटर पाईपाची गाडी घेतली आणि गल्ली ५० मीटर आत असली की काम अडलं. व्हॅक्यूम पंप व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा जास्त खोलीवरून ओढत नाही. आणि फोन आल्यावर गाडी पाठवायची पद्धत सोडा. लोक टाकी तुंबल्यावरच फोन करतात. तोवर तळाचा गाळ घट्ट झालेला असतो आणि गाडी वरचं पाणी तेवढं घेऊन परत येते.

झाकण उघडल्यावर थोडा वेळ थांबा, जवळ काडी-विडी नको. कितीही अडलं तरी माणूस आत उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं मैला सफाईविरोधी २०१३ च्या कायद्यानं बंद आहेच. पण कायदा नसता तरी आतला हायड्रोजन सल्फाइड दोन-चार श्वासांत माणसाला पाडतो, आणि काढायला उतरलेलाही पडतो.

मागणी रजिस्टर

मालमत्ता कराच्या वसुलीचा टक्का कमी दिसतो त्याचं एक कारण फुगलेली मागणी. पडलेली घरं यादीत तशीच, एकाच मालमत्तेला दोन क्रमांक, वाटणी झाली तरी जुना एकत्र आकारही चालू. त्यावर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. कधीच न येणारी रक्कम दरवर्षी फुगत जाते. चतुर्थवार्षिक आकारणीची वाट न बघता वॉर्डनिहाय पाहणी करून अशा नोंदी वेगळ्या काढा आणि रीतसर आदेशानं कमी करा. तोंडी कमी केलेली मागणी लेखापरीक्षणात वसूलपात्र निघते.

बिलं एप्रिल-मेमध्ये वाटा. मार्चमध्ये बिल, मागणी नोटीस आणि जप्ती अधिपत्र एकाच आठवड्यात देऊन पैसे येत नाहीत, फक्त ओळखीच्या नगरसेवकांचे फोन येतात. नोटीस बजावल्याची पोच तारखेसह जपून ठेवा. जप्ती टिकते की नाही ते त्या चिठोऱ्यावर ठरतं.

आडवा पाईप

थोडक्यात. गल्ली काँक्रीट करण्याआधी पाणीपुरवठ्याची लेखी संमती घ्या आणि दर २०-३० मीटरला रस्त्याखाली रिकामा आडवा पाईप टाका, दोन्ही टोकांना झाकण आणि भिंतीवर खूण. नवीन नळजोड त्यातून जातात, रस्ता फोडावा लागत नाही. जुन्या रस्त्यावरच नवीन थर चढवू नका. प्रत्येक वेळी १५ सेंटिमीटर वाढले की चौथ्या कामाला रस्त्याचं पाणी घराच्या उंबऱ्यात. खड्डा बुजवताना कडा उभ्या, चौकोनी कापा, धूळ काढा, डांबराचं इमल्शन मारा, मग थराथरानं दाबा. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात माल टाकून वरून थोपटणं म्हणजे बिल काढण्याची सोय.

ऐनवेळचा विषय

वरच्या सगळ्यांच्या कामाला शेवटी ठराव लागतो, म्हणून हे लिहितो. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर काम होत नाही. ठरावात कामाचं नेमकं नाव, ठिकाण, अंदाजित रक्कम, लेखाशीर्ष, निधी कोणता आणि सूचक-अनुमोदक हवेत. निधीचं नाव विशेष सांभाळा : पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ‘स्वच्छता’ लिहून त्यातून सभागृहाची रंगरंगोटी केली तर आक्षेप ठरलेला. विषयपत्रिकेत नसलेले मोठे खर्च ऐनवेळी घुसवले की कुणीतरी तक्रार करतं, जिल्हाधिकारी त्याच १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठराव तहकूब करतात आणि चांगलं काम वर्षभर अडकतं.

देखभालीला पैसे नाहीत हे वर दोघा-तिघांनी सूचित केलं आहे. उपाय कंटाळवाणा आहे : वर्षाच्या सुरुवातीलाच ग्लँड दोरी, फेरूल, लग, ड्रायव्हर, टीसीएल अशा वस्तूंचे वार्षिक दरकरार करून ठेवा. एकेक नगाची फाईल फिरवली की २०० रुपयांच्या वस्तूसाठी पाणी चार दिवस बंद राहतं.

चावीवाला

दरकराराबद्दल सहमत. फक्त त्यात फेरूलसोबत सॅडल-पीसचे (फेरूल बसवायला पाईपाभोवती आवळतात त्या पट्ट्याचे) माप पाईपच्या बाहेरील व्यासानुसार लिहा. पीव्हीसी आणि कास्ट आयर्नचा बाहेरील व्यास वेगळा असतो. ‘४ इंची’ एवढंच लिहिलं तर गोडाऊन भरतं आणि कामाचं एकही निघत नाही.

जन्म-मृत्यू खिडकी

आमच्या खिडकीबद्दल कुणी लिहिलं नाही. नोंद घटना जिथे घडली तिथेच होते. राहण्याच्या गावी नाही. निम्मी भांडणं एवढ्यावरून होतात, तेव्हा हे वाक्य मोठ्या अक्षरात काचेवर लावा. २१ दिवसांत माहिती आली तर विलंब शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर. वर्ष उलटलं तर निबंधकाच्या हातात काही राहत नाही, आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या पातळीवर गेला. बाळाचं नाव नसताना झालेल्या नोंदीत वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आणि दवाखान्याकडून अर्ज आला की आईचं नाव आधार कार्डावरच्या अक्षरांप्रमाणे आहे का ते नोंद करायच्या आधी, नातेवाईक समोर उभे असतानाच वाचून दाखवा. प्रमाणपत्र हातात पडल्यावर ‘सुनिता’ची ‘सुनीता’ करायला प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि तीन हेलपाटे लागतात.