गॅस गीझर की इलेक्ट्रिक? घर स्मार्ट करतोय, आईला पटत नाही

शेवटचा_मजला: कोथरूड, सातवा मजला, वर थेट टाकी. घराचं वायरिंग उघडलंच आहे म्हणून दिवे-पंखे मोबाइलवर घेतोय. घोडं गीझरपाशी अडलंय. सध्या ड्राय बाल्कनीत पाइप गॅसवरचा, मिनिटाला सहा लिटरचा गीझर आहे. तो काढून २५ लिटरचा, २ किलोवॅटचा इलेक्ट्रिक लावावा आणि पहाटे साडेपाचला तो आपला आपण चालू व्हावा, असा माझा बेत. आई म्हणते, "नळ सोडला की गरम पाणी येतं. त्याला अजून काय हुशार करणार?" यावर मला उत्तर सुचलेलं नाही. पण पाण्याला दाब नाही. शॉवर लावला की ज्योत विझते, आणि ज्योत पेटवणारे सेल संपलेत हे नेमकं डोक्याला साबण असताना कळतं.

वायरवाला: आईंचं बरोबर आहे. गॅसवाला पाण्याच्या दाबावर पेटतो, त्याला टायमर लावून काही साधत नाही. इलेक्ट्रिक घेणार असाल तर एक ऐका. २ किलोवॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. दिव्यांसाठी बोर्डामागे बसवतात ते चिमुकलं मॉड्यूल गीझरला लावू नका. मी एकाकडे उघडलं तर बोर्डाचं प्लास्टिक पुरणासारखं मऊ झालेलं. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घ्या, नाहीतर मॉड्यूलवरून कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा स्विच, चालवा. स्वतंत्र लाइन, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग. भिंती फोडलेल्या आहेत तोवरच.

गारठलेला: दोन वर्षं असाच प्लग वापरतोय. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ३५-४० मिनिटं धरा, सव्वा युनिट जातं. माझी फजिती वेगळीच. साडेपाचला लाइट नव्हती, टायमर हुकला, सहाला लाइट आली तरी प्लग ढिम्म. मग सेटिंग बदललं, लाइट आली की चालू. त्यानंतर चार दिवस गावी गेलो, मागे लाइट जाऊन आली आणि गीझर रिकाम्या घरात पाणी तापवत बसला. आता टायमर दोन, ५:१५ आणि ५:४५ चा, आणि लाइट आल्यावर प्लग बंदच.

वायरवाला: आणि हो, ड्राय बाल्कनी उघडी आहे ना? काचा लावणार असाल तर गॅस गीझर तिथे नको. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

शेवटचा_मजला: वॉशिंग मशीन भिजतं म्हणून बाल्कनीला सरकत्या काचा लावायचं परवाच ठरलंय, हे लिहायचं राहिलं. म्हणजे गॅस बाद. स्मार्ट प्लगच्या वर एक साधं बटणही ठेवतोय, आईसाठी. तिला सांगितलं तर म्हणाली, "आणि लाइट गेली की?" म्हटलं, पातेलं ठेवू गॅसवर.

"ठेवू म्हणजे मीच ना?"