फेसलिफ्टसाठी थांबावं का? आणि ‘नव्या’ क्रॉसओव्हरखाली जुनाच प्लॅटफॉर्म असतो का?

खड्डे_चुकवणारा:
दसऱ्यापर्यंत चार मीटरच्या आतली पेट्रोल क्रॉसओव्हर (कारसारखीच, पण उंच गाडी) घ्यायची आहे. कंपन्या फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीची चेहरामोहरा बदललेली आवृत्ती, कधी आणतात याला काही गणित असतं, की मनात आलं की आणली? दुसरं, मारुतीची फ्राँक्स म्हणजे उंच केलेली बलेनो असं जो तो म्हणतो. तसं असेल तर वापरताना फरक नेमका कुठे जाणवतो? ‘घेऊन टाका’ नको, कारण सांगा.

प्रेसशॉप:
गणित पत्र्याचं आहे. दाराचा एक बाहेरचा पत्रा चार-पाच डायमधून (पत्रा दाबून आकार देणारे पोलादी साचे) जातो: आधी खोल ओढायचा, मग कडा कापायच्या, भोकं पाडायची, शेवटी दुमडायचा. असे संच चारही दारांचे, छपराचे, साइड पॅनलचे. वेल्ड शॉपमधले जिग आणि फिक्श्चर, म्हणजे जोडताना भाग जागेवर धरणारे सांगाडेही त्याच मापांना बांधलेले. हा खर्च बरीच वर्षं गाडी विकली तरच वसूल होतो. म्हणून तीन-चार वर्षांनी बदलतात ते मुख्यतः प्लॅस्टिकचे भाग, म्हणजे बंपर, ग्रिल, दिवे. सढळ हात असेल तर बॉनेट, फेंडर आणि टेलगेट. बंपरचा साचा दारांच्या डायसंचांपुढे स्वस्त पडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. टेस्टिंगच्या गाडीला नक्षीचं आवरण फक्त नाकाला आणि शेपटीला असेल, दारं झाकलेली नसतील, तर फेसलिफ्ट. दारांसकट गुंडाळलेली असेल तर पत्राच नवा.

नेक्सॉन बघा: सप्टेंबर 2017 ला आली, मग फेसलिफ्ट जानेवारी 2020, मग सप्टेंबर 2023. क्रेटा: 2015, फेसलिफ्ट 2018, नवी पिढी मार्च 2020, पुन्हा फेसलिफ्ट जानेवारी 2024.

नियमावली:
प्रेसशॉप, पत्र्याचं पटलं, पण तुमच्याच यादीत 2020 पाहा. जानेवारीत नेक्सॉन, फेब्रुवारीत पेट्रोल ब्रेझा, मार्चमध्ये नवी क्रेटा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष, लागू होतं, त्यामुळे इंजिनाची मंजुरी सगळ्यांनाच नव्याने घ्यावी लागणार होती. मग चाचण्यांचा, वायरिंग बदलण्याचा आणि लाइन थांबवण्याचा खर्च दोनदा कशाला? बंपर आणि दिवे त्याच फेरीत उरकले. त्यात चालू मॉडेलना पादचारी सुरक्षेचा नियम ऑक्टोबर 2020 पासून लागणार होता. त्यासाठी बॉनेटचा पत्रा आणि खालचं इंजिन यांत दबायला जागा लागते. नेक्सॉनचं नाक त्या वेळी उंच आणि सपाट झालं, ते फक्त ‘दमदार लुक’साठी नव्हे.

त्यामुळे अफवांपेक्षा पुढच्या नियमाची तारीख बघा. दिव्यांची जागा किंवा समोरची रचना बदलली की पुन्हा तपासणी आलीच, आपल्याकडे बहुतेक वेळा पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत.

हार्डपॉइंट:
आता प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. पुढचा अ‍ॅक्सल ते पेडल हे अंतर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), इंजिनाचे माउंट आणि पुढच्या दोन लांब तुळया या गोष्टींना कुणी सहसा हात लावत नाही. लावला तर धडकेची सगळी गणितं पहिल्यापासून. ताणता येतं ते मधलं फ्लोअर आणि मागची शेपटी. क्रेटाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2610 मिमी, अल्काझारचा 2760. दीडशे मिमी मधे घातले, तिसऱ्या रांगेची सोय झाली.

उलटं, कापताना काय जातं हे महिंद्राच्या गाड्यांवरून कळतं. तेव्हा महिंद्राच्या ताब्यात असलेल्या सँगयाँग या कोरियन कंपनीची टिवोली साधारण 4.2 मीटरची. चार मीटरच्या आत कर कमी लागतो म्हणून एक्सयूव्ही 300 मध्ये ती 3995 मिमीवर आणली. व्हीलबेस 2600 तोच, म्हणजे जागा गेली ती डिकीची: 257 लिटर. विजेवरच्या एक्सयूव्ही 400 ला लांबी परत 4200 केली, व्हीलबेस तोच ठेवला आणि डिकी 378 लिटर झाली. 205 मिमी शेपटीचे 121 लिटर!

फ्राँक्स-बलेनोचं म्हणाल, तर व्हीलबेस दोघींचा 2520. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) 170 मिमीवरून 190. त्या 20 मिमीतले जवळजवळ 10 टायरनेच दिले: बलेनोला 195/55 आर16, फ्राँक्सला 195/60 आर16. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा म्हणजे साइडवॉल (टायरची बाजू) त्या रुंदीच्या किती टक्के उंच; 195 च्या पाच टक्के काढा, 9.75 मिमी येतात. तुमच्या खड्ड्यांना हे कामाचं, कारण साइडवॉल जाड असली की रिम वाचते. मात्र छप्पर मागे उतरतं, त्यामुळे उंच माणसाला मागच्या सीटवर बसवून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका. डिकीही 318 ची 308 झाली.

हिशेबनीस:
एक राहिलं. ‘चार मीटरच्या आत’ म्हणजे आपोआप कमी कर, असं नाही. पेट्रोलला 1200 सीसी आणि डिझेलला 1500 सीसी ही दुसरी अट आहे. ब्रेझा 3995 मिमीच, आणि तिचं जुनं 1248 सीसी डिझेल अटीत बसायचं. बीएस-6 ला ते गेलं, 1462 सीसी पेट्रोल आलं आणि सवलत सुटली. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीतला हा फरक 18 विरुद्ध 40 टक्के आहे. फ्राँक्सची 1197 आणि 998 सीसी ही दोन्ही इंजिनं 18 मध्ये बसतात.

खड्डे_चुकवणारा:
हिशेबनीस, हे माहीतच नव्हतं, आभार. मग फेसलिफ्ट आल्यावर जुना स्टॉक सवलतीत मिळाला तर घ्यावा का? नवे दिवे नंतर बसवता येतील?

प्रेसशॉप:
यांत्रिक भाग तोच असेल तर जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही. फेसलिफ्टच्या पहिल्या लॉटमध्ये त्रास देतं ते बहुधा स्क्रीनचं सॉफ्टवेअर. पण चेसिसवरून उत्पादनाचा महिना आणि वर्ष पैसे भरण्याआधी पाहा, कारण आरसीवर तेच छापून येतं आणि विकताना किंमत त्यावरच पाडतात. डिसेंबरातली सूट बहुतेक त्याचीच भरपाई असते. गाडी यार्डात सहा महिने उभी असेल तर बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या आणि टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा बघा.

दिव्यांचा नाद सोडा. माउंट, कनेक्टर, बंपरची कड, कधी फेंडरही बदललेला असतो. एक दिवा घ्यायला जाल आणि अर्धं नाक घेऊन याल.