मदत हवी आहे: बाबांच्या गिटारचा ब्रिज उचललाय

नमस्कार मंडळी. बाबांनी कॉलेजात असताना घेतलेली अकूस्टिक गिटार गेली 15 वर्षं मी वाजवतेय. माझ्याकडे यामाहाची एफ-310 पण आहे, सुरात पक्की. तरी रात्री गच्चीवर बसलं की हात हिच्याकडेच जातो. जाड ई तारेचा घुमार थेट छातीला जाणवतो. तिसऱ्या पडद्यापाशी नेकमागचं पॉलिश बाबांच्या अंगठ्याने झिजलंय, माझाही अंगठा बरोबर तिथेच बसतो.

या पावसाळ्यात ब्रिज, म्हणजे पुढच्या फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागून सुटून उचलला. फटीत पोस्टकार्ड सहज सरकतं. सहा तारांचा मिळून 70 किलोच्या आसपास ताण येतो, म्हणून तारा लगेच सैल केल्या. पेठेतल्या एका दुकानात म्हणाले, "स्क्रू मारून देतो." मी तशीच परत आणली. पुढची फळी चिरली तर आवाजच गेला ना!

जुना गोंद गरम करून काढून, लाकूड साफ करून, क्लॅम्प लावून नीट चिकटवणारा कारागीर पुण्यात कुणाला माहीत आहे का? कोथरूडजवळ असेल तर उत्तम, पण पिंपरीलाही येईन. ज्यांनी स्वतःची गिटार अशी दुरुस्त करून घेतलीये त्यांनी खर्च आणि लागलेले दिवस जरूर सांगा.